लडाखला बाईकवर सिगार न्यायचेत, न तडकता परत कसे आणायचे? (बजेट हजार रुपये)

डबलसीट_पुणे: नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटी आम्ही कॉलेजच्या वेळचे चौघं मित्र मनालीहून लेहला बुलेटवर निघतोय, पुढे नुब्रा, पँगाँग, हानले, आणि येताना बाईक ट्रान्सपोर्टला टाकून लेहहून विमान. एकूण १२ दिवस. पाचवा यायचा होता पण ऐनवेळी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्यानेच मला ८ सिगार दिलेत, रोबुस्टो साईझ, म्हणजे ५ इंच लांब आणि अंगठ्याएवढे जाड. तुम्ही चौघं हानलेला ओढा आणि एक तिथून फिरवून माझ्यासाठी परत आणा एवढंच म्हणाला. तो एक काहीही करून नीट परत आणायचाय.

मागे स्पितीला मी दोन नेले होते टँक बॅगेत, साध्या पिशवीत गुंडाळून. काझाला काढला तर वरचं पान पापडासारखं तडकलं, पेटवल्यावर उलगडतच गेलं. आणि आता परत येईन तेव्हा इकडे पुण्यात जुलैचा पाऊस, म्हणजे तिकडे कोरडं नि इकडे ओलं, दोन्ही सांभाळायचंय. घरी ह्युमिडॉर (सिगारची ओल सांभाळणारी पेटी) वगैरे नाही. बजेट हजार, त्याच्या वर जायचं नाहीये, ट्रिपचाच खर्च खूप झालाय.

घाटमाथा_९: पेलिकनची केस घ्या, दुसरं काही बघूच नका. माझ्याकडे पाच वर्षं आहे. झिंगझिंगबारच्या पुढे नाल्यात माझी बाईक आडवी झाली, केस पाण्यात गेली, आतला एक सिगार ओला झाला नाही. त्याला हवेचा दाब सोडायचा व्हॉल्व्ह पण असतो, उंचीवर झाकण अडकून बसत नाही. मला साडेसहा हजाराला पडली, पण एकदाच घ्यायची, जन्मभर बघायला नको.

डबलसीट_पुणे: दादा केस भारी आहे पण बजेट हजार आहे.

घाटमाथा_९: सेकंड हँड बघा मग, फोटोग्राफरलोक विकतात. चार हजारात मिळून जाईल.

निपाणीकर: आमची पिढीजात तंबाखूची वखार होती, आजोबांपासून. सिगार मी स्वतः ओढत नाही पण पान ओळखतो. तंबाखूचं पान हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, हवा जशी तसं पान. म्हणून वाळलेल्या पानाला भर दुपारी आमच्याकडे कोणी हात लावायचं नाही, चुरा होतो. पहाटे दवाने पान लवलं की मगच हलवाहलव. लडाखची हवा म्हणजे बारा महिने आमच्या एप्रिलची दुपार समजा. तुम्हाला बाहेरची हवा डब्यात शिरू द्यायची नाही एवढंच करायचंय. महागडी केस काय आणि चांगल्या रबरी रिंगचा डबा काय, पानाला दोन्ही सारखेच. आणि सिगार बरा आहे का बघायला मशीन नको, दोन बोटांत हलकं दाबायचं. दबून परत आला तर बरा, करकर वाजला तर कोरडा, दबलेला तसाच राहिला तर जास्त ओला.

ह्यूस्टनचा_पंत: माझ्याकडे घरी स्पॅनिश सीडरच्या लाकडाचं कॅबिनेट आहे, दीडशेच्या वर सिगार, काही २०१४ पासून ठेवलेत, तेव्हा अनुभवाने सांगतो. बोव्हेडाची पुडी घ्या. आत मिठाचं द्रावण असतं आणि पुडीचा कागद असा की वाफ जाते येते पण पाणी गळत नाही. डबा कोरडा झाला तर ती ओल सोडते, दमट झाला तर ओढून घेते, म्हणजे तुमचं लडाख आणि जुलै दोन्ही त्यात आलं. ६० ग्रॅमची मोठी पुडी २५ सिगारसाठी असते, तुम्हाला ८ ग्रॅमच्या दोन पुरे. ६९ टक्के ओलाव्याची घ्या, मी आयुष्यभर ६९ वापरतोय.

गुहागरी_वारा: पंत, ६९ तुमच्याकडे एसीच्या घरात चालत असेल, प्रवासात नको. ६२ किंवा फारतर ६५ घ्या. मी ६९ टाकून डबा व्हरांड्यात ठेवला होता ऐन श्रावणात, घरात सगळीकडे दमट, मी दिवसातून चारदा उघडून बघायचो. आठवड्यात सिगारवर पांढरं दिसायला लागलं. ज्याच्याकडून घेतले तो म्हणाला हे चांगलं लक्षण आहे, मुरल्यावर तेल वर येतं, त्याला प्लूम म्हणतात. मी विश्वास ठेवला. भिंगातून बघितलं तर कापसासारखे तंतू. बुरशी. पायाकडे, म्हणजे पेटवायच्या टोकाला, आत पण शिरली होती, बारा सिगार खड्ड्यात पुरले. ७५ च्या वर गेलं की बुरशी धरतेच, आणि ६९ पासून ७५ काही लांब नाही.

ह्यूस्टनचा_पंत: तुम्ही डबा चारदा उघडत होतात म्हणून झालं ते, पुडीचा दोष नाही.

गुहागरी_वारा: प्रवासात माणूस उघडतोच की हो. म्हणून तर खालचा आकडा घ्यायचा. शिवाय उंचीवर जरा कोरडा सिगारच नीट जळतो, ओला असेल तर सारखा विझतो, आणि तिकडे परत पेटवणं किती जड जातं ते गेलेल्याला विचारा.

खानदेशी_मिरची: ओल ओल करताय सगळे पण उष्णतेचं कोणी बोलत नाही. मे महिन्यात जळगावला लग्नाला गेलो, गाडीच्या डिकीत डबा तसाच राहिला दोन दिवस. डबा हवाबंद, पुडी ताजी, सगळं बरोबर होतं. घरी येऊन उघडला तर सिगारना टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं आणि तळाला तपकिरी भुकटी. तंबाखूचा किडा. अंडी पानातच असतात, दिसत नाहीत, तापमान पंचविशीच्या आसपास गेलं की जागी व्हायला लागतात. तुम्ही मनालीपर्यंत कसे जाताय? दिल्लीवरून बाईकवर जात असाल तर जूनमध्ये चंदीगडपर्यंत भट्टी आहे. काळी केस आणि काळी टेल बॅग उन्हात चुलीसारखी तापते, सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेत तर ठेवूच नका. निघायच्या आधी सिगार दोन झिपलॉकमध्ये घालून ३ दिवस डीप फ्रीझरला ठेवा, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढले तर पान तडकतं.

डबलसीट_पुणे: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दिल्लीपर्यंत ट्रेन, तिथून बाईक. धन्यवाद.

बुलेट_३५०: खारदुंगला जाताय ना? तिथे ओढा, जगातला सगळ्यात उंच रस्ता, १८,३८० फूट. आम्ही २०११ ला ओढला होता बोर्डाखाली उभं राहून.

नकाशावाला: तो बोर्डावरचा आकडा होता, खरी उंची १७,५८२ फूट भरते. आणि सगळ्यात उंच तर तो अजिबात नाही, हानलेच्या पुढचा उमलिंग लाच त्याहून उंच, १९,०२४ आहे. तसंच 'ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे खारदुंग ला असं लिहावं.

बुलेट_३५०: बोर्ड बीआरओने (सीमेवरचे रस्ते बांधणारी सरकारी संघटना) लावला होता, आम्ही नाही. आमच्यासाठी तोच उंच.

नकाशावाला: बोर्ड कोणी लावला हा मुद्दाच नाही, जीपीएसवर कोणीही मोजू शकतं.

लेहचा_धडा: उंचीवरून भांडण्यापेक्षा हे वाचा. मी ४२ वर्षांचा असताना लेहला उतरलो त्याच संध्याकाळी मित्रांबरोबर ओढत बसलो. रात्री डोकं फुटायला लागलं, उलट्या, पहाटे हॉस्पिटलात ऑक्सिजनवर. बायकोला इकडे फोन गेला तेव्हा तिची काय अवस्था झाली असेल याचा विचार अजून येतो. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो, त्यात धूर कशाला. रस्त्याने गेलात तरी पहिले दोन दिवस काहीच नको, आणि हानलेला ओढायचाच असेल तर चौघांत एक ओढा. मी त्यानंतर सगळंच सोडलं.

डबलसीट_पुणे: मनापासून धन्यवाद. चौघांत दोन असं आधीच ठरलं होतं, आता एकच ओढू. तेही नुब्रा, पँगाँग करून शेवटी.

आईचा_डबा: लॉकवाला प्लास्टिकचा डबा घ्या, चारी बाजूंनी खटके असतात तो, अडीचशे रुपये, आणि त्यात पुडी. फक्त एक सांगते, डबा कोरा नवीन घ्या. ह्यांनी घरातलाच घेतला होता, गोडा मसाला ठेवायचो त्यातला, मी दोनदा साबणाने धुतला, उन्हात वाळवला, मला काही वास आला नाही. तीन आठवड्यांनी ह्यांनी सिगार पेटवला तर दगडफुलाचा वास. तंबाखू वास ओढून घेतो हे तेव्हा कळलं. तुमच्या बॅगेत चेन ल्यूब, पेट्रोलचा कॅन असणार, त्यापासून लांब.

सदाशिव_वाचक: माझे आजोबा मिलिटरीत होते, ते दिंडीगुलचे चिरूट ओढायचे. स्पेन्सर कंपनीचा कारखाना होता तिथे. पत्र्याच्या डब्यात, ना पुडी ना ओल मोजायचा मीटर, राजस्थानात पोस्टिंग असताना पण काही झालं नाही. डब्यात सफरचंदाची फोड ठेवायचे फक्त.

निपाणीकर: काका, ते चिरूट मुळातच कोरडे ओढायचे असतात, त्यांचं गणित वेगळं. क्यूबा-निकाराग्वाकडच्या सिगारला फोड ठेवलीत तर चार दिवसांत फोडीला बुरशी आणि तिथून पानाला.

सदाशिव_वाचक: आमच्याकडे कधी आली नाही बुरशी. आजोबांचा डबा अजून आहे, वास आजही येतो झाकण काढलं की.

पावसाळी_ट्रेकर: लॉकवाला डबा आणि ६५ ची पुडी. वर सांगितलंच आहे पण माझंही तेच मत, राजमाचीला पावसात तीन वेळा नेलाय. सेलोफेन काढू नका, प्रवासात घासून पान फाटत नाही. आणि मीटर घेणार असाल तर दीडशेवाला पण चालतो, फक्त मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात थेंब थेंब पाणी घालून चिखल करायचा, विरघळवायचं नाही. ते झाकण आणि मीटर एका झिपलॉकमध्ये बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ दाखवायला पाहिजे. माझा ६८ दाखवत होता, म्हणजे तो कायम ७ कमी सांगतो हे कळलं, आता मी ७ मिळवून वाचतो. असाच एक मीटर आधी खोटं सांगत होता म्हणून मी उगाच पाणी वाढवत बसलो होतो, चार सिगार फुगून शिवणीवर फाटले.

घाटमाथा_९: लायटर कुठला नेताय? जेटवाला दगा देतो, मोअर प्लेन्सच्या वर माझा नुसताच फुसफुसला. साधा पिवळ्या ज्योतीचा न्या आणि काडेपेटी. येताना विमानात दोन्ही चालत नाही, ना केबिनला ना चेकइनला, लेहलाच कोणाला तरी देऊन या. आणि केसचा विचार करा, मी अजून सांगतो.

डबलसीट_पुणे: सगळ्यांचे आभार. ठरवलं, आणि कोणी सुचवलेलं नाही असं ठरवलंय म्हणून सविस्तर लिहितो.

डबा बघायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो तर मुलीचा शाळेचा जेवणाचा थर्मास हाताला लागला, रुंद तोंडाचा, स्टीलचा, दोन भिंतींचा. आता ती कॉलेजला गेली, तो नुसताच पडून होता. तोंड मोजलं तर साडेपाच सेंटिमीटर, आतली उंची १५. सिगार पावणेतेरा लांब आणि दोन जाड. चार उभे राहिले, पाचवा जरा सरकवून बसला, वरती छोटी पुडी आडवी राहते. झाकण आट्यांचं, सिलिकॉनची रिंग. म्हणजे हवाबंद झाला, बाईक पडली तरी चेपणार नाही, आणि खानदेशी भाऊंनी सांगितलेली उष्णता पण अडते, प्लास्टिकच्या डब्यात ती अडत नाही. उरलेले तीन घरीच ठेवतोय, झिपलॉकमध्ये दुसरी पुडी घालून.

गेले सहा दिवस रिकाम्या थर्मासमध्ये ६२ ची पुडी आणि मीटर टाकून टेस्ट केली. मीटर आधी मिठाने तपासला, ७३ आला, दोन कमी. दुपारी गच्चीवर उन्हात दोन तास ठेवला, बाहेर स्टीलला हात लावता येत नव्हता, आत २७ अंश. रोज संध्याकाळी उघडून बघितलं, ६० नाहीतर ६१, म्हणजे खरे ६२-६३. खर्च दोन पुड्या आणि मीटर मिळून ५९० रुपये.

ह्यूस्टनचा_पंत: थर्मास? स्टील ओल धरत नाही हो, लाकूड धरतं. सीडरची एक पट्टी तरी टाका आत.

गुहागरी_वारा: आत २७ म्हणजे किड्याला भरपूर झाले. फ्रीझर चुकवू नका.

डबलसीट_पुणे: सिगार कालच फ्रीझरमध्ये गेलेत, झिपलॉकवर तारीख लिहून, बायकोला सांगून ठेवलंय.

आईचा_डबा: भाऊ, स्टीलला वास राहत नाही पण त्या रिंगला राहतो. वरणभाताचा थर्मास ना? रिंग काढून नाकाशी धरून बघा.

डबलसीट_पुणे: ताई, आत्ता काढली. हिंगाचा वास आहे, बारीक पण आहे. बरं झालं सांगितलंत. कोपऱ्यावरच्या भांड्याच्या दुकानात नवीन रिंग मिळाली ४० रुपयांना, जुनी टाकून दिली. आता नवीन रिंग लावून आज रात्री परत मीटर ठेवतो, बुधवारी सिगार भरून झाकणावर टेप मारतो, आणि शनिवारी झेलम एक्स्प्रेसने निघतो.

घाटमाथा_९: टेप काळी नको, उन्हात वितळून हाताला चिकटते. मागच्या सीटच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. परत आलात की पाचव्याचं काय झालं ते इथे लिहा.