मदत हवी आहे: उत्तर प्रदेशचं विभाजन झालं असतं तर कर्ज कुणाच्या डोक्यावर?

नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना मी राज्यशास्त्र शिकवते. सध्या वर्गात राज्य पुनर्रचना हा विषय सुरू आहे आणि एका प्रश्नावर अडले आहे.

नोव्हेंबर 2011 मध्ये मायावती सरकारने पूर्वांचल, बुंदेलखंड, अवध आणि पश्चिम प्रदेश अशी चार राज्यं करण्याचा ठराव विधानसभेत मंजूर करून घेतला. केंद्राने शंका काढून तो परत पाठवला. हद्दी, राजधान्या, कर्जाची वाटणी, असे मुद्दे होते. राज्यघटनेचं कलम 3 मुलांना समजतं: निर्णय संसदेचा, विधानसभेचं फक्त मत. पण एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बुंदेलखंड गरीब, मग त्याच्या वाट्याला कर्ज किती?" मला नीट उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय.

2000 मध्ये उत्तराखंड वेगळं झालं तेव्हा कर्ज आणि पेन्शनची वाटणी कोणत्या सूत्राने झाली? लोकसंख्येच्या प्रमाणात की आणखी कसं? प्रशासनात किंवा लेखा विभागात काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सोप्या मराठीत समजावून सांगाल का?

आंबेडकरांनी 1955 मध्येच उत्तर प्रदेशचे तीन भाग सुचवले होते. त्यावर मराठीत काही चांगलं वाचलं असेल तर तेही कळवा. सोमवारी तास आहे.