भगत आणि धवलेरी यांना मदत करायची आहे. ती कशी करावी?

प्रश्न: पायवाट (ठाणे)

नमस्कार. आम्ही सहा मित्र गेली चार वर्षे शाळेच्या कामानिमित्त जव्हार तालुक्यातील एका वारली पाड्यावर जात आहोत. तेथील भगतबाबा, म्हणजे पाड्यासाठी देवाचे आणि औषधपाण्याचे काम करणारे, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरी आजी यांच्याशी आमचा जवळचा परिचय झाला आहे. दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे; लग्नघरी भिंतीवर काढलेल्या चौकासमोर बसूनही पालघट देवीचे चित्र त्यांना नीट दिसत नाही, गाणी मात्र त्या न अडखळता म्हणतात. भगतबाबा घांगळी या वाद्यावर कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, कथा गातात, पण त्यांच्याकडून ती शिकणारा सध्या कोणी नाही. दोघांनाही कोणतेच निवृत्तिवेतन मिळत नाही.

आम्ही ३५,००० रुपये जमवले आहेत. या दोघांना दरमहा काही रक्कम द्यावी, गावदेवीच्या स्थानावर पक्के छप्पर घालावे आणि सगळी गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, असे तीन विचार पुढे आले आहेत. यांपैकी काय करावे, आणि आमच्या हातून नकळत काही बिघडू नये यासाठी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर: मोहफूल (जव्हार)

मी वारली आहे आणि माझी आजी धवलेरी होती, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. छपराचा विचार कृपया सोडून द्यावा. गावदेवी झाडाखाली उघड्यावर असते, कारण तिचे स्थान तसेच असते. ते गरिबीमुळे तसे राहिलेले नाही. आमच्या शेजारच्या पाड्यात एका देणगीदाराने सिमेंटचा चौथरा आणि फरशी घातली. त्यासाठी झाडाची मुळे तोडली गेली आणि दोन पावसाळ्यांत ते झाड वाळले. वृद्ध माणसे आजही त्या बाजूला बोट दाखवून गप्प बसतात.

दरमहा रक्कम देण्यातही अडचण आहे. भगत आणि धवलेरी यांचे काम पाड्याचे असते आणि त्यांना भात, कोंबडी किंवा जे काही द्यायचे ते पाडाच देतो. बाहेरून एकाच घरी पैसे येऊ लागले, की पाड्याला आपली जबाबदारी संपली असे वाटू लागते, आणि चार वर्षांनी तुमचे येणे थांबले तर त्या वृद्धांना दोन्हीकडचे काही उरत नाही.

त्याऐवजी त्यांच्या हक्काचे जे आहे ते मिळवून द्या. राज्य सरकारच्या श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तीला दरमहा १,५०० रुपये मिळतात. आमच्या वृद्धांचे घोडे अडते ते कागदांवर. आधार कार्डावर अंदाजाने १ जानेवारी ही जन्मतारीख आणि प्रत्यक्षापेक्षा दहा वर्षे कमी वय लिहिलेले असते, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात तीन खेपा होतात, आणि आयुष्यभर शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत आलेल्या मुलाचीही बुडते. तुमच्यापैकी एकाने या कामासाठी आठ-दहा दिवस दिले, तर त्याचे मोल तुमच्या ३५,००० रुपयांपेक्षा जास्त होईल. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, हेही घरच्यांना समजावून सांगा.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. खरा प्रश्न त्यानंतरच्या महिन्याचा आहे, कारण डोळ्यात ठरलेल्या वेळी औषध घालावे लागते आणि चुलीच्या धुरापासून दूर राहावे लागते. म्हणून भातलावणीत किंवा लग्नसराईत नव्हे, तर भात घरात आल्यावर थंडीत हे करा, आणि आजींच्या सुनेशी आधी बोला. स्वयंपाक आणि पाणी तिच्यावर येणार आहे. तिची मजुरी भरून द्यायची असेल तर जमवलेले पैसे तेथे वापरा.

उत्तर: रुग्णवाट (मोखाडा)

मी आरोग्य विभागात काम करते. भगतबाबांच्या बाबतीत एक विषय टाळता येणार नाही, तो म्हणजे सर्पदंश. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना आणि सूज फारशी नसते, पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि पुढे श्वास घेणारे स्नायू बंद पडतात. अशा वेळी घरचे लोक प्रथम भगताकडे जातात, कारण तो दहा पावलांवर असतो आणि रुग्णालय बहुधा काही तासांवर असते. सर्पदंश झालेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे भगतबाबांना धमकी म्हणून नव्हे, तर त्यांच्या हितासाठी कोणीतरी सांगितले पाहिजे.

तरीही माझा अनुभव असा, की भगताला बाजूला सारणाऱ्यांचे पाड्यात कोणी ऐकत नाही. आमच्या भागातील एका भगताशी आम्ही तीन वर्षे बोलत राहिलो. आता ते कपाळाला तांदूळ लावतात आणि लगेच स्वतःच म्हणतात, "गाडी आणा, बाकीचे आल्यावर करू." त्यांनी म्हटले की कोणी वाद घालत नाही, आणि जी गोष्ट आमच्या फलकांनी साधली नाही ती त्यांच्या शब्दाने साधते. तुमच्या पैशांपैकी काही रक्कम पाड्याच्या ताब्यात रात्रीच्या गाडीभाड्यासाठी ठेवता आली तर पाहा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत थांबणे प्रत्येक वेळी परवडत नाही. माझ्या मते हीच सर्वांत निकडीची मदत आहे.

उत्तर: वनहक्क

ध्वनिमुद्रणाविषयी केरळमधील काणी आदिवासींचे उदाहरण सांगतो. १९८७ मध्ये अगस्त्यमलाईच्या जंगलात शास्त्रज्ञांनी पाहिले, की त्यांचे काणी वाटाडे एका वनस्पतीची फळे खाऊन न थकता चालत आहेत. त्या ‘आरोग्यपच्चा’पासून तिरुवनंतपुरमजवळच्या संशोधन संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केले, ते एका कंपनीला १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वशुल्क या अटींवर दिले आणि त्यातील निम्मा वाटा काणी समाजाच्या न्यासाला दिला. या व्यवहाराचे जगभर कौतुक झाले. मात्र ज्यांच्याकडे हे ज्ञान परंपरेने होते त्या प्लाथी, म्हणजे काणी वैद्यांना, आधी विचारलेच गेले नव्हते, आणि त्यांच्यापैकी काहींनी १९९५ मध्येच लेखी हरकत घेतली होती. येथे पैशांची वाटणी प्रामाणिकपणे झाली. परवानगी तेवढी चुकीच्या माणसांकडून घेतली गेली.

भगतबाबांच्या औषधींची नावे किंवा कणसरीची कथा ध्वनिमुद्रित करण्याआधी म्हणूनच ग्रामसभेत चर्चा व्हावी. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये, म्हणजे इंग्रजी मसुद्यातील ‘के’ या खंडात, जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा हक्क मान्य केलेला आहे. त्याच कायद्याखाली पाड्याने सामूहिक वनहक्काचा दावा केला आहे का, तेही विचारा. भगतबाबा ज्या रानातून मुळ्या आणतात, तेथे जाण्याचा हक्क कागदावर आला तर त्यांच्यानंतर येणाऱ्याचाही प्रश्न सुटेल.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर: पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. छप्पर आणि दरमहा रक्कम हे दोन्ही विचार आम्ही सोडले आहेत. श्रावणबाळ योजनेच्या कागदपत्रांसाठी आमच्यातील दोघे पुढच्या महिन्यात रजा घेऊन तेथे राहतील. आजींच्या सुनेशी फोनवर बोललो. शस्त्रक्रिया पौषात करावी आणि त्या काळात माहेरहून बहिणीला बोलावून घ्यावे, असे तिनेच सुचवले. गाडीभाड्याच्या रकमेचा आणि ध्वनिमुद्रणाचा विषय आम्ही भगतबाबांपुढे ठेवला. पैसे कोणाकडे राहतील हे पाडा ठरवेल, असे ते म्हणाले. कथेविषयी त्यांनी इतकेच सांगितले, की ती मळणीच्या वेळी सांगायची असते. तेव्हा या, खळ्यावर बसा आणि यंत्र घरी ठेवून या.