कफाअत: सोयरिकीत मुलाची ऐपत किती पाहावी?

धागाकर्ता: आपल्या सोलापुरात सोयरीक ठरवताना मुलाचे स्वतःचे यंत्रमाग आहेत की तो दुसऱ्याच्या कारखान्यात आठवड्याच्या पगारावर राबतो, हे आधी विचारले जाते आणि नकार द्यायचा झाला की 'कुफू जुळत नाही' (म्हणजे कफाअत, वराची वधूच्या घराशी बरोबरी, नाही) असे धर्माचे कारण पुढे केले जाते. आपल्या हनफी पंथाच्या फिकहमध्ये (धर्मशास्त्रीय कायद्यात) संपत्ती हा कफाअतीचा एक निकष आहे, हे मान्य. परंतु प्रचलित मतानुसार तत्काळ द्यायचा मेहर (वराने वधूला द्यायची रक्कम) आणि पत्नीचा नफका (निर्वाहखर्च) देण्याची क्षमता असलेला वर कितीही धनिक घरच्या मुलीच्या बरोबरीचा ठरतो. उत्तरकालीन हनफी ग्रंथकार तर कारागिराच्या बाबतीत रोजच्या कमाईत पत्नीचा खर्च भागणे पुरेसे मानतात. मग मागावरचा कामगार कमी कसा?

चाटीगल्लीकर: आपण सोयीचे तेवढेच मांडले आहे. हनफी पंथाचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद यांनी सधनतेतील बरोबरीही ग्राह्य धरल्याचे 'हिदाया' या हनफी ग्रंथात नमूद आहे. संपत्ती आज आहे, उद्या नाही, असे म्हणून ती वगळणारे त्यांचे दुसरे शिष्य अबू यूसुफ होते. शिवाय पैगंबरांच्या काळातील फातिमा बिन्त कैस यांना मुआविया यांनी मागणी घातली, तेव्हा मुआवियांजवळ पैसा नाही, असे खुद्द पैगंबरांनी स्पष्ट सांगितल्याची हदीस आहे. बापाने मुलीसाठी एवढेही पाहू नये काय?

धागाकर्ता: जरूर पाहावे, पण त्याच हदीसमध्ये पुढे पैगंबरांनी उसामा बिन झैद यांचे नाव सुचवले, जे मुक्त केलेल्या गुलामाचे पुत्र होते, तर फातिमा कुरैश घराण्यातल्या. कोकणातले आपले बांधव ज्या शाफई पंथाचे आहेत, त्याच्या अधिक ग्राह्य मतात श्रीमंतीचा निकषच नाही.

वेशीबाहेरची: दोघांनीही वलीच्या (मुलीच्या बापाच्या किंवा पालकाच्या) बाजूनेच विचार केला. कफाअत मुलाची पाहिली जाते आणि तो हक्क वलीइतकाच मुलीचाही आहे. तरीही तिला विचारतो कोण? माझा आक्षेप धागाकर्त्यांच्या 'क्षमता' या शब्दापुरत्या समाधानाला आहे. पत्नीने बिड्या वळून घर चालवले, तरी नफक्याची जबाबदारी पतीवरच राहते, आणि 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार नफका दोन वर्षे न मिळाल्यास तिला न्यायालयाकडून विवाहविच्छेद मागता येतो. दोन वर्षे उपाशी राहून कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा निकाहाआधी मुलाच्या पगाराची चौकशी करणे आणि मेहर उधार न ठेवता हातात घेणे, यात मला कसलाही लोभ दिसत नाही.