मदत हवी आहे: लेझीमचा वेग दुप्पट दाखवतंय, शुक्रवारी प्रकरण द्यायचंय

क्रीडाताई
इथे कोणी लिब्रोसा (आवाजाच्या फायलीतून तालाचा वेग काढणारं पायथॉन भाषेतलं साधन) वापरतं का? माझ्या क्लिपांचा वेग चुकतोय. मिनिटाला 84 ठोक्यांच्या आसपास यायला हवा, तर काहींचा 161.5 येतो, काहींचा 172.27, बाकीच्या ठीक. कोड तोच, मैदान तेच, मुलं तीच. भाच्याने पायथॉन बसवून दिलं आणि तो आता स्वतःच्या परीक्षेत अडकलाय. शुक्रवारी प्रबंधाचं चौथं प्रकरण सरांकडे द्यायचंय. 'आधी गूगल करा' म्हणू नका, तीन रात्री तेच केलंय.

रानवारा
ताई, क्लिपा कसल्या? वाजतंय काय? मोजायचं काय आहे?

क्रीडाताई
लेझीम! शीर्षकात आहे की. शारीरिक शिक्षणात पीएचडी करतेय. आठवीच्या दोन तुकड्या, सहा आठवडे सराव. एकीला शिट्टी आणि 'एक-दोन-तीन-चार', दुसरीला रेकॉर्ड केलेली हलगी. संगीतामुळे चालीत फरक पडतो का, एवढंच बघायचंय.

हलगीचा_नाद
रेकॉर्ड केलेल्या हलगीवर लेझीम? मग डबा वाजवला तरी चालेल. हलगीवाला पोरांचे पाय बघून वाजवतो. पोरं दमली की चाल उतरवतो, जोर आला की चढवतो. स्पीकरला डोळे असतात का? प्रयोगच चुकलाय.

रानवारा
@हलगीचा_नाद, प्रयोगात रोजचं वाजवणं सारखंच लागतं, म्हणून तर रेकॉर्डिंग. तुमचा हलगीवाला सोमवारी वेगळा आणि मंगळवारी वेगळा वाजवणार.

हलगीचा_नाद
त्यालाच संगीत म्हणतात.

वऱ्हाडी_पाटील
लेझीमवर पीएचडी होतेय हे वाचून बरं वाटलं. 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू देशी खेळ दाखवायला गेला होता. 1982 च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनालाही लेझीम होती. पहिल्या प्रकरणात हे घ्याच.

स्पीकर_मास्तर
ब्लूटूथ स्पीकर असेल तर चूक तिथेच आहे. आवाज उशिरा निघतो. वायरवाला घ्या, जुन्या बाजारात चांगले मिळतात.

रानवारा
स्पीकर एकच असेल तर तो उशीर सगळ्यांना सारखाच. खरा फरक अंतराचा. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 35 मीटरवरच्या रांगेला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. आपण मात्र 'मागची रांग ढिली' म्हणून ओरडतो.

क्रीडाताई
चाचणीच्या दिवशी स्पीकर नव्हताच. नुसती लेझीम, दोन्ही तुकड्यांना. लिहायचं राहिलं.

रानवारा
🙏

बोधडी
पालकांची संमतीपत्रं घेतलीत ना? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांवरच्या मुलांचाही होकार घ्यावा असं आहे. आमच्याकडे याच्यावरून फाइल परत आली होती.

क्रीडाताई
घेतलीत. आता वेगाबद्दल कोणी बोलेल का?

मात्रामोजणी
आत्ताच धागा पाहिला. लेझीम उघडताना वाजते आणि मिटतानाही वाजते, म्हणजे एका पावलाला दोन आवाज. लिब्रोसा काही न सांगता 120 च्या जवळचा वेग पसंत करतं आणि ते जवळपण पटीत बघतं. 120 ला 84 ने भागा, 1.43. 84 ची दुप्पट 168, तिला 120 ने भागा, 1.40. तुमची चाल नेमकी काट्याच्या मधोमध बसलीय, म्हणून कधी इकडे झुकतं कधी तिकडे. स्टार्ट बीपीएम (सुरुवातीचा अंदाजे वेग) 84 द्या, दुपटीचा त्रास बहुतेक जाईल. बरोबर आलेल्या क्लिपांचे आकडे काय आहेत?

क्रीडाताई
देव तुमचं भलं करो, सगळ्या सरळ झाल्या! शिट्टीवाल्या बहुतेक 83.35, हलगीवाल्या बहुतेक 86.13. सर खूश आहेत, संगीताने वेग वाढला म्हणून.

मात्रामोजणी
नेमकी हीच भीती होती. तुमच्या सेटिंगमध्ये सेकंदाचे 43 च्या आसपास तुकडे पडतात आणि दोन ठोक्यांमधलं अंतर अख्ख्या तुकड्यांतच मोजलं जातं. 31 तुकडे म्हणजे 83.35, 30 तुकडे म्हणजे 86.13. मध्ये काहीच नाही. 84.6 आणि 84.9 मध्येही ते दोन वेगळे आकडे दाखवू शकतं. तुमचे 161.5 आणि 172.27 म्हणजे 16 आणि 15 तुकडे.

हलगीचा_नाद
म्हटलं नव्हतं, प्रयोग चुकलाय!

मात्रामोजणी
प्रयोग नाही, मोजपट्टी चुकलीय. ताई, तो वेगाचा आकडा वापरूच नका. सॉनिक व्हिज्युअलायझर हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. क्लिप लावायची आणि प्रत्येक पावलाला कळ दाबायची. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंतचा वेळ (सेकंदांत) भागिले मधली अंतरं; 60 ला त्या उत्तराने भागलं की वेग. ठोक्यांइतकी नाही, एक कमी, इथे सगळे चुकतात. आणि मोजताना तुकडी कोणती ते झाकून ठेवा, नाहीतर बोट आपोआप हलगीच्या बाजूने घाई करतं.

स्पीकर_मास्तर
माइक कुठे ठेवला होता?

क्रीडाताई
ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर, मोबाइलच. रात्री बसून चार क्लिपा हाताने मोजल्या. मैत्रिणीने नावं बदलून दिली होती. शिट्टी 84.5 आणि 85.1. हलगी 84.3 आणि 85.2. पण एक दिसलं: शिट्टीवाल्या दोन्ही शेवटच्या मिनिटाला पळतात, हलगीवाल्या नाहीत. म्हणजे बघायला हवं होतं ते वेगाऐवजी स्थिरतेकडे? अजून 38 क्लिपा आहेत. शुक्रवार काही जमत नाही, सरांना सकाळी फोन करते.

मात्रामोजणी
चार क्लिपांवर सरांना स्थिरतेचं काही बोलू नका. आधी 38 संपवा.