पेन्शन थांबलेले सगळे बोगस नसतात

सरकारी वृद्धापकाळ पेन्शनला कात्री लावा, म्हणजे बोगस लाभार्थी गळतील, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. खानापूर-बेळगाव भागात खरे म्हातारेही गळतात. पेन्शन जाते ती आधार सर्वांत शेवटी ज्या बँकेत जोडलं त्या खात्यात. मुलाने दुसरीकडे खातं उघडून तिथे आधार जोडलं की पैसे तिकडे वळतात, जुनं पासबुक कोरंच. नुसतं केवायसी (ओळख पडताळणी) पुरत नाही, आधार सीडिंगचा, म्हणजे पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार जोडण्याचा, अर्ज बँकेत वेगळा द्या. रेशनकार्डावर कन्नडमधून उतरलेलं नाव आधारशी जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून मगच नाडकचेरीत (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) जा.

आणि कापणार तरी काय? वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ऐंशीच्या आतल्यांना केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. २००७ सालीही एवढाच होता! वरची भर राज्य घालतं, तीच काढायची म्हणता?