डावीकडून घुसायचंच कशाला?

गंगापूररोडकर: नाशिकच्या त्र्यंबक रोडला सातपूरच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की कार चालवणं म्हणजे शिक्षा. एबीबी सर्कलला महात्मानगरकडे वळायचं म्हणून मी इंडिकेटर देतो, वेग कमी करतो, तरी डाव्या बाजूच्या दोन फुटांच्या फटीतून बाईक घुसतेच. मग बोनेटवर हात आपटून वर आपल्यालाच शिव्या! उजवीकडून ओव्हरटेक करायचा हा साधा नियम टू-व्हीलरला लागू नाही का? निम्म्या गाड्यांना आरसेच नसतात. काढून डिकीत ठेवतात म्हणे, लूक बिघडतो!

शिफ्टवाला_अंबड: साहेब, आम्हाला डावीकडेच राहायला सांगतात ना? मग तुम्ही मधल्या लेनमधून आयत्या वेळी डावीकडे कापता, तेव्हा आम्ही जायचं कुठं? वळायचंय तर आधीपासून डावी कड धरा, फटच राहणार नाही. तुमचा इंडिकेटर लागतो तेव्हा स्टिअरिंग निम्मं फिरलेलं असतं. इंडिकेटर म्हणजे विचारणा, परवानगी नव्हे. आणि दिसलो नाही म्हणू नका. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या टू-व्हीलरचा हेडलाईट दिवसासुद्धा चालूच असतो.

गंगापूररोडकर: लाईट चालू असून उपयोग काय? डाव्या आरशाच्या कक्षेबाहेर मागच्या दाराजवळ बाईक आली की ती कारवाल्याला दिसतच नाही. तिथं थांबू नका एवढंच म्हणतोय.

शिफ्टवाला_अंबड: मग मान वळवून बघा. आम्ही रोज बघतो.

कॉलेजरोडची_ताई: तुम्ही दोघं चालत्या गाड्यांवरून भांडताय, मला उभ्या कारची जास्त भीती वाटते. कॉलेज रोडला कडेला लावलेल्या कारचं उजवं दार कधी उघडेल सांगता येत नाही. एकदा असं दार माझ्या स्कूटीच्या हँडलला घासलं, थोडक्यात वाचले, पलीकडून ट्रक येत होता. कारवाल्या दादांनो, दार डाव्या हाताने उघडा. अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते. सवय व्हायला आठवडासुद्धा लागत नाही.

पंचवटीचा_पोऱ्या: ताई, पटलं. पण स्कूटीवाल्यांनीही कारला घासून जाऊ नये, दाराएवढं अंतर सोडावं.

कॉलेजरोडची_ताई: सोडते की. मग मागचा कारवाला "साईड दे" म्हणून हॉर्न बडवतो. त्याचं काय करू?

गंगापूररोडकर: हॉर्नचं मान्य, तो मूर्खपणाच. पण बाईकवाल्यांच्या शिस्तीचं काय? १५ ऑगस्ट २०२१ पासून शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' झालं, तर पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट मागून टाकी भरणारे होतेच ना? स्वतःच्या डोक्याची काळजी नाही, ती आम्ही करायची!

शिफ्टवाला_अंबड: हेल्मेट घालायलाच हवं, त्यात वाद नाही. पण ते धडक बसल्यावर कामाला येतं. इथं धडक टाळण्याचं चाललंय. रिकामा रस्ता दिसला की कार ताशी ४० वरून ६० वर जाते, तेव्हा ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर दीडपट नाही, सव्वादोन पट होतं. आमच्याभोवती पत्रा नाही, हे लक्षात घ्या.

पंचवटीचा_पोऱ्या: बाईकलाही तेच गणित लागू आहे, भाऊ. रात्री गंगापूर रोडला ८० ने पळणारे कारवाले नसतात फक्त.

गंगापूररोडकर: वळायच्या आधी डावी कड धरायचं मी करेन. पण तुम्हीही इंडिकेटर दिसला की मागेच थांबा. मला एवढंच हवंय.

शिफ्टवाला_अंबड: वेळेवर दिसला तर थांबू.