काकूंचा वॉकर आणि बाथरूमचं दार

विषय: जुन्या मोबाईल होमच्या जागी नवं घर, ऑरेगनात कुणाला अनुभव?
प्रेषक: वसंतकाका, सेलम
रविवार, रात्री 10:42

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या जेवणाचे डबे अजून माझ्याकडेच आहेत, विसरलेलो नाही. आजचं काम वेगळं आहे.

आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. 1974 चं डबल-वाइड, म्हणजे कारखान्यात दोन भागांत बनवून इथे आणून जोडलेलं, मोबाईल होम पार्कात भाड्याच्या जागेवर. घर आमचं, खालची जमीन नाही. 2009 साली घेतलं तेव्हा स्वस्तात मिळतंय एवढंच पाहिलं. हिच्या डाव्या अंगावरून वारं गेल्यापासून मात्र घरच वैरी झालंय. वॉकर 25 इंच रुंद, बाथरूमचं दार 24. रोज सकाळी ही वॉकर दाराबाहेर सोडते, चौकट धरते, मग बेसिन, मग टॉवेलचा दांडा. तो दांडा मागच्या महिन्यात स्क्रूंसकट हातात आला. टबाशेजारची जमीन चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झालीय. वर प्लायचा तुकडा ठोकला, तर आता त्याचीच ठेच लागते.

थंडीत विजेची भट्टी दिवसभर घरघरते, जानेवारीचं बिल 410 डॉलर, तरी पाय गार ते गारच. जून 2021 मध्ये सेलमला 117 फॅरनहाइट झालं, त्या दुपारी आम्ही दोघं गाडीत एसी लावून नुसते गावभर फिरत होतो. घरात बसवत नव्हतं.

जमीन, बाथरूम, खिडक्या मिळून एका कॉन्ट्रॅक्टरने 38 हजार सांगितलेत. करू का? की घरच बदलू?

वसंतकाका


उत्तर: जुन्या मोबाईल होमच्या जागी नवं घर
प्रेषक: सागर, बीव्हरटन
सोमवार, सकाळी 7:55

काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दुसऱ्याच्या जमिनीवर पैसा ओतण्यात अर्थ नाही. या घरांची किंमत वाढत नाही, पार्कचं भाडं मात्र दरवर्षी वाढतं. आमच्या इथे लिफ्टवाली सीनियर अपार्टमेंट्स आहेत, रुंद दारं आधीपासूनच. विचार करा.


उत्तर: जुन्या मोबाईल होमच्या जागी नवं घर
प्रेषक: मीना, यूजीन
सोमवार, रात्री 9:20

काका, सागरचा हिशोब चुकीचा नाही, पण तो गुंतवणुकीचा हिशोब झाला. तुम्ही राहण्याचं विचारताय.

आधी बाहेर जाऊन घराच्या प्रत्येक अर्ध्या भागाच्या मागच्या टोकाला, खालच्या बाजूला, लाल पत्र्याची छोटी पट्टी आहे का बघा. बहुतेक नसेल. 15 जून 1976 पासून कारखान्यात बनणाऱ्या घरांना अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, म्हणजे हड या गृहनिर्माण खात्याचा, नियम लागू झाला आणि प्रत्येक भागावर ती पट्टी ठोकायला सुरुवात झाली. तुमचं घर त्याआधीचं. तेव्हा देशभर लागू असलेलं एक मापच नव्हतं. त्या वर्षांत ॲल्युमिनियमच्या वायरीही बऱ्याच घरांत घातल्या गेल्या. इलेक्ट्रिशियनला पॅनेल उघडून बघू दे, तुम्ही स्वतः उघडू नका.

माझी नोकरी अशा घरांच्या पोटाखाली सरपटण्याची आहे, त्यामुळे तुमचे पाय गार का राहतात ते न बघताही सांगू शकते. खालचं काळं आवरण फाटलेलं असतं, इन्सुलेशन लोंबत असतं, त्यात उंदरांचा संसार. डबल-वाइडच्या दोन भागांना जोडणारी गरम हवेची नळी, म्हणजे डक्ट, तर कित्येकदा निखळून मातीवर पडलेली सापडते. मग भट्टी घराखालची जमीन शेकत बसते आणि बिल तुम्ही भरता. खिडक्या बदलून यातलं काहीच थांबत नाही. छप्पर, पोट आणि वायरिंग शाबूत असेल तर मी स्वतः दुरुस्ती सुचवते. तुमच्याकडे जमीन कुजलीय, घर पन्नाशीला आलंय. 38 हजार म्हणजे गोणपाटाला जरीचा काठ.

नवं घेताना नीमचा शिक्का असलेलंच मागा. हा कडुनिंब नव्हे! आपल्या वायव्येकडच्या राज्यांत कारखान्यात बनणाऱ्या कमी विजेच्या घरांना तो शिक्का मिळतो. घराच्या जमिनीखाली आर-33, भिंतीत आर-21 (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) असं जाड इन्सुलेशन, चांगल्या खिडक्या, हवाबंद डक्ट. त्यात भट्टीऐवजी हीट पंप घाला, म्हणजे उन्हाळ्याचं थंड करणंही त्यातच आलं. बिल उतरेल, पण बिलाच्या बचतीतून घराचे पैसे फिटतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पैशांचं: जमीन तुमची नाही, म्हणून बँक सहसा याला घरकर्ज देत नाही. वस्तूवरचं कर्ज मिळतं, व्याज जास्त आणि मुदत कमी. म्हणून डीलरच्या टेबलावर सही करण्याआधी सरकारी मदत विचारा. जुनी घरं बदलण्याच्या कर्जासाठी राज्याच्या विधिमंडळाने 2019 मध्ये तरतूद केली होती, सध्या काय चालू आहे ते ऑरेगन हाउसिंगला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण खात्याला, फोन करून विचारा. डग्लस काउंटीत अंपक्वा रँचला संस्थांनी मिळून जुनी घरं काढून नवी बसवली, तिथे ऊर्जाबचतीला पैसे देणाऱ्या एनर्जी ट्रस्ट या संस्थेचाही हात होता. मात्र एनर्जी ट्रस्टचा विजेवरचा पैसा ठरावीक कंपन्यांच्याच ग्राहकांना मिळतो. सेलममध्ये बिल पीजीईचं असेल तर विचारता येईल, सेलम इलेक्ट्रिकचं असेल तर नाही. बिल काढून बघा.

मीना


उत्तर: जुन्या मोबाईल होमच्या जागी नवं घर
प्रेषक: वसंतकाका, सेलम
मंगळवार, सकाळी 6:10

लाल पट्टी नाही. टॉर्च घेऊन दोन्ही भाग बघितले. बिल पीजीईचं आहे.

सागर, राग कसला. पण फेब्रुवारी 2021 च्या आइस स्टॉर्ममध्ये दिवे गेले तेव्हा शेजारच्या मेक्सिकन आजीबाईंनी त्यांच्या गॅसच्या शेगडीवर आम्हाला दोन्ही वेळचं गरम करून दिलं. हिला बोलायला त्रास होतो ते पार्कात सगळ्यांना माहीत आहे, कुणी घाई करत नाही. मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला माणूस मी, मला भिंतीला भिंत नको पण दाराला दार हवं.

मीनाताई, तुम्ही काकूंच्या दाराबद्दल काही लिहिलं नाहीत.


उत्तर: जुन्या मोबाईल होमच्या जागी नवं घर
प्रेषक: हेमंत, टायगार्ड
मंगळवार, रात्री 11:03

काकांनी बरोबर पकडलं. ऊर्जेसाठी निदान शिक्का तरी आहे. वॉकर, व्हीलचेअरसाठी असा शिक्का मी तरी पाहिलेला नाही. ते आपण मागायचं, लेखी मागायचं आणि ऑर्डर जाण्याआधी मागायचं.

माझी फजिती ऐका. सासऱ्यांसाठी असंच घर घेतलं. डीलर तोंडी म्हणाला, "ॲक्सेसिबल बाथरूम, काळजीच नको." घर ट्रकवरून उतरलं, दार उघडलं, तर शॉवरला 4 इंचांचा उंबरा! गुळगुळीत, पांढराशुभ्र, अगदी देवघराच्या पायरीसारखा. डीलरच्या लेखी टब नाही म्हणजे ॲक्सेसिबल. उंबरा नसलेला शॉवर हवा तर तिथला तळ आणि ड्रेन कारखान्यातच खाली घ्यावा लागतो. नंतर जमीन फोडून करायला गेलो तेव्हा खर्च ऐकून सासऱ्यांनीच हात जोडले. अजून खुर्चीवर बसून, पाय उचलून आत जातात.

म्हणून कागदावर एवढं हवंच: सगळी दारं 36 इंची, बाथरूमचंसुद्धा. बाथरूममध्ये 5 फुटांचं मोकळं वर्तुळ, म्हणजे पुढे व्हीलचेअर आली तरी वळेल. कमोड आणि शॉवरच्या भिंतीत आतून प्लायवूड, नाहीतर आधाराचा दांडा काकूंच्या टॉवेलच्या दांड्यासारखाच हातात येईल. हे आतलं प्लायवूड कारखान्यात किरकोळ खर्चात होतं, नंतर भिंत फोडून घालायचं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

रॅम्पचं गणित आत्ताच करा. ही घरं लोखंडी चॅसीवर बसतात, त्यामुळे घरातली जमीन बाहेरच्यापेक्षा उंचच राहते. एक इंच चढाला एक फूट रॅम्प. दार 30 इंचांवर असेल तर 30 फूट, वर-खाली 5 फुटांची सपाट जागा वेगळी. उंची याहून जास्त झाली तर मध्येही एक टप्पा. एवढा रॅम्प तुमच्या जागेत हद्द सोडून बसतो का, ते मापा आणि पार्क मॅनेजरची परवानगी लेखी घ्या.

जुनं घर काढण्याचाही खर्च धरा. 2004 आधीचं घर पाडायचं तर ऑरेगनात आधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करावी लागते. मालकीचे कागद गाड्यांची नोंदणी करणाऱ्या डीएमव्हीकडे नसतात, राज्याच्या बिल्डिंग कोड्स डिव्हिजनकडे असतात. काउंटीचा कर थकला असेल तर आधी तो भरा.

हेमंत


विषय: नवं घर, पुढची हकीकत
प्रेषक: वसंतकाका, सेलम
शनिवार, दुपारी 3:30

मंडळी, पाच महिने गप्प होतो. कर्जाचं एकदाचं जमलं, काही मदत, काही आमची शिल्लक, थोडं मुलीने घातलं. सिंगल-वाइड घेतोय, दोन माणसांना डबल हवंय कशाला. नीमचा शिक्का आणि हीट पंप दोन्ही आहे.

हेमंत, तुझी यादी मी डीलरपुढे ठेवली. त्याने नकाशा पाठवला, दारं 36, शॉवरला उंबरा नाही, सगळं लिहिलेलं. मी सही करणार होतो. हिने हातानेच थांबवलं. मग आम्ही क्लबहाउसच्या अंगणात खडूने ते बाथरूम खऱ्या मापाचं काढलं, कमोडच्या जागी स्वयंपाकघरातलं स्टूल. ही वॉकर घेऊन "दारातून" आत गेली, वळली, स्टुलावर बसली. आणि उजवा हात हवेत फिरवत राहिली. धरायला काही नव्हतंच. नकाशात भिंत, आणि भिंतीवरचा दांडा, डावीकडे होता. डावा हात तिचा चालत नाही.

मी हा नकाशा वीसेक वेळा पाहिला असेल. हेमंतने पाहिला, डीलरने पाहिला.

डीलरला म्हटलं, बाथरूम आरशातल्यासारखं उलटं करा. ऑर्डर गेली नव्हती म्हणून फुकट झालं. परत खडूने काढलं, परत ती बसली, आता भिंत उजवीकडे. "हं," म्हणाली. मग सही केली.

10 मेच्या आठवड्यात जुनं घर निघेल. तीनेक आठवडे आम्ही मुलीकडे. सामान एका भाड्याच्या गोदामात जाईल, पण कढीपत्त्याची मोठी कुंडी, दोन मोगरे आणि हिची तुळस तिथे मरतील. सेलमच्या आसपास कुणाच्या अंगणात उन्हाची जागा असेल तर कळवा. कुंड्या न्यायला पिकअप असलेला माणूसही हवा, सागर, तुझा आहे ना?

डबे त्याच फेरीत परत पाठवतो.

वसंतकाका